पावणेदोन तासांवरची माय

आईच्या तेरवीचं जेवण अंगावर आलंय. नागपूरच्या घरात, तिच्याच दिवाणावर प्रफुल्ल भोयर आडवा होतो. माणूस मोठा हिशेबी. बंगळूर ते नागपूर विमानाने पावणेदोन तास, हे पालुपद त्याने आईपुढे वर्षानुवर्षं लावलं. दिवाळीला आला नाही तरी तेच, तिच्या मोतीबिंदूला आला नाही तरी तेच. स्वयंपाकघरात धाकटी बहीण सुनंदा भांडी आपटते आहे. तो आवाज लांब जातो आणि पंख्याच्या घरघरीत कुणीतरी विमानाची घोषणा करू लागतं.

विमानतळ बंगळूरचाच आहे, पण जमीन शेणाने सारवलेली. विमानाकडे जायच्या दाराशी आई बसली आहे. तेरा दिवस त्याला एकच गोष्ट जाळते आहे, तो पोचण्याआधीच आई गेली, शेवटचं पाणी तिने त्याच्या हातून घेतलं नाही. आणि आता हातात फुलपात्र आहे, त्यात तुळशीचं पान. त्याला इतका आनंद होतो की रडूच येतं.

"माय, थांब. पाणी आणलं."

"काउंटर बंद झालं."

"अगं, मी प्रफुल्ल!"

"दिसून राहिलं मले. डोळ्याचं आपरेशन झालं माह्या. संग कोण होतं? सुनंदा."

मेलेल्या आईवर काय चिडायचं? पण हा चिडतो. "पावणेदोन तासांचं तर विमान होतं, निघालोच होतो!"

"इमानाचं नको सांगू. घरून उठाले तुले किती टाइम लागला, ते सांग."

सुनंदाचा फोन आला तेव्हा त्याने आधी मीटिंग उरकली होती, त्याच पावणेदोन तासांच्या भरवशावर.

रांग सरकते आणि ते नागपूरच्या स्वयंपाकघरात आहेत. ओट्यापाशी सामान तपासायचा पट्टा फिरतो आहे. त्यावर आई उताणी, ओठ घट्ट मिटलेले. पट्टा तिला आत ओढतो आहे.

"एकच घोट घे, माय."

"सुनंदानं पाजलं. तहान नाही मले."

"मग मी काय करू?"

"तुहं तू पाहा."

त्याचा तोल जातो. एका हाताने फुलपात्र कलंडवत तो दुसऱ्या हाताचं बोट आईच्या ओठांत खुपसतो, तोंड उघडायला बघतो. आई कडकडून चावते.

तो किंचाळून उठतो. सुनंदा धावत येते.

"काय झालं, दादा?"

तर्जनी ठणकते आहे. वर दातांचे खोल वण, रक्त साकळलेलं.

"झोपेत सोताचंच बोट चावलं असन तू," म्हणत ती त्याचा हात खिडकीशी नेते. आणि वणांच्या रांगेतल्या मोकळ्या जागेवर अंगठा ठेवते.

"मधे इथं वण कसा नाही?" तो विचारतो.

सुनंदा त्याचा हात सोडून देते.

"मायचा समोरचा दात पडला होता. मागच्या पोळ्याले. तुले कुठून माहीत असन?"