सुपरचार्जर, बटाट्याची पोती आणि भीमाशंकरचा चढ

"मॅडम, प्रॉब्लेम गाडीत नाही, तुमच्या पायात आहे." पुण्यातल्या ट्यूनरने हे तिसऱ्यांदा ऐकवलं, तेव्हा माझं डोकं सणकलं. घरी येऊन नणंदेला, वैशालीताईंना, फोन केला. म्हटलं, शनिवारी भीमाशंकरला निघू, आणि गाडी मीच चालवणार.

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीला मी हौसेने सुपरचार्जर बसवून घेतलाय. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा हा पंप जास्तीची हवा आत कोंबतो. जास्त हवेला पेट्रोलही जास्त लागतं, आणि हा मेळ जमवणं हेच ट्यूनरचं काम. सपाटीला गाडी झकास. चढावर मात्र इंजिनातून टकटक आणि दम गेलेला. ही टकटक अंगावर काढली तर पिस्टन फुटतो. आणि हा गृहस्थ दर वेळी लॅपटॉप जोडायचा, वर्कशॉपच्या अंगणात स्वतःच दोन चकरा मारायचा आणि मला पाय हळू ठेवायला सांगायचा. उद्या इंजिन फुटलं असतं तर नाव माझंच झालं असतं!

चाकणची कोंडी टाळायची तर पुणं सहाच्या आत सोडा. आम्ही नारायणगावला मिसळ खाल्ली, जुन्नरला खोली घेतली आणि ऊन चढायच्या आत लेण्याद्री गाठली. पायऱ्या तीनेकशे, आणि हातात पिशवी नको, माकडं ठेवत नाहीत. अर्ध्यावर धापा टाकत वैशालीताई म्हणाल्या, "माझंही तुझ्या गाडीसारखंच झालंय गं."

दुसऱ्या दिवशी घोडेगाव, डिंभ्याचं धरण, आणि मग चढ. टकटक सुरू! मी निमूट गाडी वळवून घोडेगावला आणली. तिथे नामदेवभाऊंचं गॅरेज आहे, ट्रॅक्टर आणि फवारणी पंपांचं.

"सायेब न्हाई आले?" त्यांचा पहिला प्रश्न.

"साहेब घरी आहेत. गाडी माझी आहे," मी फटकारलंच.

"मग बसा की तुमीच स्टेरिंगवर," ते शांतपणे म्हणाले आणि मागच्या सीटवर बटाट्याची चार पोती टाकली. "रिकामं इंजिन कुनाशी बी ग्वाड बोलतं, ताई. वजन घातल्याबिगर खोट कळत न्हाई. ट्रॅक्टरला बी आमी असंच करतो."

वैशालीताई गॅरेजवरच थांबल्या. गावाबाहेरच्या चढावर ते डोळे मिटून शेजारी बसले. टकटक झाली तशी म्हणाले, "बास. पाय बराबर हाय तुमचा."

गॅरेजवर त्यांनी प्लग काढला. पांढराफटक! "ह्यो चहाच्या रंगाचा पायजे. पेट्रोल कमी पडतंय, लई कमी." मग बॉनेटमधली एक बारीक नळी काढली. हवेचा दाब वाढला की पेट्रोलही वाढवायचा निरोप हीच नळी पोचवते. तिचं एक टोक बंद करून ती पंक्चरच्या घमेल्यात बुडवली आणि हवा सोडली. बुडबुडेच बुडबुडे.

"सपाटीला ही चीर मिटलेली ऱ्हाती. चढाला दाब आला की उघडती."

फवारणी पंपाच्या नळीचा वीतभर तुकडा जोडला. तीच पोती, तोच चढ, आणि गाडी बिनआवाज वर! घेतले दोनशे रुपये. पुण्याच्या त्या महाशयांनी तीन फेऱ्यांत एकदाही बॉनेट उघडलं नव्हतं, हे आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

दुपारी भीमाशंकरचा घाट मी एका दमात चढले. दर्शनाला दीड तास लागला. डिंभ्यापुढे मोबाइलच्या रेंजच्या भरवशावर राहू नका, पेट्रोलही घोडेगावलाच भरून घ्या.

सोमवारी ती फाटकी नळी ट्यूनरपुढे ठेवली. "हा पार्टचा दोष आहे मॅडम, ट्यूनिंगचा नाही." चुकलो म्हणायला जीभ रेटेना! मी सुनावलं, गिऱ्हाइकं वळून बघेपर्यंत सुनावलं.

पण घरी आल्यावर खरा राग कुणाचा आला, सांगू? माझाच. पाय माझाच चुकतोय हे मनातून खरं मानून दोन महिने मी ऑफिसला जाताना उड्डाणपुलाचा चढ टाळून खालून जात होते, आणि नवऱ्याला सांगत होते की वर ट्रॅफिक फार असतं.