सोराइदाची कात्री

डोंगरातल्या आमच्या तार्मा गावच्या बाजारात दोन बायका लोकांना बरं करायच्या. मी माझ्या जव-जवसाच्या गरम काढ्याच्या गाड्यावरून, आणि सोराइदा कामारेना समोरच्या औषधाच्या दुकानातून. दोघींपैकी डॉक्टर कोणीच नव्हती, पण तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे आणि मला नुसतं 'ए मावशे'. तिच्या अंगावर पांढरा कोट होता ना. लोकांना कोट दिसला की पुरे.

औषधशास्त्राची खरी पदवी होती पोरासबाईंची. ती काचेत घालून काउंटरमागे टांगलेली असायची. कायद्याने दुकान चालायचं ते त्यांच्या जबाबदारीवर, आणि सोराइदा त्यांच्या हाताखालची तंत्रज्ञ. बाई कडक. चिठ्ठीवरचं औषध त्यांनी पाहिल्याशिवाय काउंटरवरून हलायचं नाही, आणि जहाल औषधाची स्ट्रिप कापायची नाही, हे त्यांनी सोराइदाला इतक्यांदा ऐकवलं होतं की रस्त्यापलीकडे माझंही पाठ झालं.

पण आमच्याकडे अख्खं खोकं घेतो कोण? लोक येतात आणि म्हणतात, दोन तापाच्या द्या, एक पोटाची द्या. सोराइदाच्या खिशात कात्री असायचीच. स्ट्रिपच्या एका टोकाला औषधाचं नाव छापलेलं असायचं. ते टोक ती दुकानात ठेवायची, उरलेल्या गोळ्या कसल्या ते कळावं म्हणून. गिऱ्हाइकाच्या हातात नुसता चकचकीत तुकडा पडायचा. सगळी दुकानं असंच करायची. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

माक्सिमा आजी माझ्या गावची, पाल्कामायोची. संधिवाताने तिची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती, तरी बटाटे काढायला जायची. इस्पितळात औषध संपलं म्हणून ती चिठ्ठी घेऊन सोराइदाकडे आली. पोरासबाई जेवायला गेल्या होत्या.

"माय, बाई येईपर्यंत बस जरा," सोराइदा म्हणाली.

"बसते की. माझी गाडी चुकली तर तुझ्याकडेच मुक्कामाला येते. माझ्या पाळलेल्या गिनीपिगांना चारा घालायला मग तू जा."

सोराइदा हसली आणि तिने कात्री काढली. आजीचा काढ्याचा पेला घेऊन मी दारातच उभी होते. दोन औषधं, दोन्ही बारीक नि पिवळी. एक मेथोट्रेक्सेट, सांध्यांसाठीचं जहाल औषध, आठवड्यातून एकदाच, रविवारी घ्यायचं. दुसरं फॉलिक ॲसिड, साधं जीवनसत्त्व, बाकीच्या दिवशी. सोराइदाने ती दोन वेगवेगळ्या कागदांत बांधली आणि पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं. आजीने मान हलवली आणि ती गावच्या गाडीकडे पळाली.

पुढच्याच पंधरवड्यात आजीची सून डेलिया दुकानात आली.

"डॉक्टरीणबाई, आमच्या म्हातारीचं तोंड आलंय. ते जांभळं औषध द्या लावायला."

सोराइदाने वळून बाटलीला हातही घातला. मग हात फळीवरच राहिला.

"कितपत आलंय?"

"पाणीसुद्धा गिळवत नाही. हिरड्यांतून रक्त येतं. अंगावर काळेनिळे डाग पडलेत. कुठे आपटली म्हणावं तर अंथरुणातून उठलीच नाहीये."

"गोळ्या कोण देतं तिला?"

"मीच देते. तुमच्या त्या पिवळ्या, रोज सकाळी दोन. कागद भिजले म्हणून सगळ्या एका डबीत ओतल्या. सारख्याच तर होत्या."

मी दुकानाच्या दारातूनच पाहत-ऐकत होते. सोराइदाचा चेहरा असा झाला की मला वाटलं, हिच्या घरचं कोणी गेलं. त्या घटकेला मनात काय आलं ते तिने मला पुढे सांगितलं. बाटली द्यावी, डेलियाला जाऊ द्यावं. नाव नसलेल्या गोळ्या, कुठल्या दुकानातल्या ते कोण ओळखणार? हा विचार आपल्या डोक्यात येऊ शकतो, याचीच तिला सगळ्यांत जास्त भीती वाटली. बाटली तिथेच ठेवून ती मागच्या खोलीत गेली.

"बाई, मी माक्सिमा आजीला मेथोट्रेक्सेट कापून दिलं. तुम्ही नसताना. ती ते रोज घेतेय."

पोरासबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सरळ इस्पितळाला फोन केला आणि भर बाजाराच्या दिवशी दुकानाचं शटर ओढलं. आजीचं घर मला माहीत, म्हणून मीही गाडा शेजारणीच्या हवाली करून निघाले. भाड्याच्या मोटारीत आम्ही चौघी बसलो. डेलियाने एकदाच विचारलं, "मी मारलं का हो तिला?"

"तू नाही," सोराइदा म्हणाली.

आजी जिवंत होती. पण उचलली तेव्हा तिचं वजन हाताला लागेना, आणि उशीवर केसांचे पुंजके पडलेले. इस्पितळात रक्त तपासलं. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की रक्त तयार व्हायचंच थांबलंय, आता काही सांगता येत नाही. उतारा म्हणून इंजेक्शन दिलं, पुढे त्याच उताऱ्याच्या गोळ्या द्यायच्या ठरल्या. दुसऱ्या दिवशी नर्स गोळी घेऊन आली तर आजी तोंड उघडेना.

"डॉक्टरीणबाईनं दिली तरच घेईन," ती कशीबशी म्हणाली.

मला तिचा राग आला. जिच्यामुळे मरणाच्या दारात आलीस तिच्याच हातून हवं? सोराइदाने स्ट्रिप हातात घेतली. ही गोळीसुद्धा पिवळसर, बारीक. ती नाव वाचायला लागली आणि अडकली. पुन्हा वाचलं. मग नर्सला दिली.

"तुम्ही वाचा. मोठ्याने."

नर्सने वाचलं. मग पोरासबाईंनी वाचलं. तरी तिचं समाधान होईना. तिने ती माझ्यापुढे धरली.

"पोरी, मला चौथीपर्यंतचंच येतं."

"म्हणूनच वाच. एकेक अक्षर."

मी बोट ठेवून वाचलं, कॅल्शियम फोलिनेट. तोवर मला कुठे ठाऊक होतं की एवढ्याशा गोळीची एवढी भीती वाटू शकते. आजी आमच्या तोंडांकडे टकमक बघत होती. मग तिने गोळी घेतली. ती घशाखाली उतरेपर्यंत सोराइदाने स्ट्रिप हातातून सोडली नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. सोराइदा आणि पोरासबाईंनी आपणहून आरोग्य खात्याला कळवलं. निरीक्षक आले, दुकानाला सील ठोकलं. बाजारात लोक पोरासबाईंना म्हणायचे, गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? मी त्या लोकांना काढा दिला नाही. सोराइदा रोज इस्पितळाच्या बाकावर बसून असायची. कॉरिडॉरमधून कुणी धावत गेलं की उठून उभी राहायची.

रक्त हळूहळू भरलं. आजीला घरी सोडलं त्या दिवशी पोरासबाईंनी फॉलिक ॲसिडचं अख्खं खोकं तिच्या मांडीवर ठेवलं. त्यातली एक स्ट्रिप आजीने काढली, वाकड्या बोटांनी उलटीसुलटी केली आणि टोकाच्या अक्षरांवर नख ठेवलं.

"हे काय लिहिलंय?"

"औषधाचं नाव, माय," सोराइदा म्हणाली.

"गोळ्यांवर नाव असतं होय? मी तर आजवर एकदाही पाहिलं नाही." तिच्या आवाजात राग नव्हता, नवलच होतं. "तू नाव माझ्याकडे दिलं असतंस तर बरं झालं असतं गं. मला नाही येत, पण माझ्या सुनेला वाचता येतं."