हरण्याचा नवस

उद्याच्या कुस्तीसाठी मुलगा अंगाला तेल चोळतोय, आणि त्या वासाने मला एका जागी बसवत नाहीय.

मी लहान असताना पावस गावच्या जत्रेत बाबांची कुस्ती होती. हरेल त्याने लंगोट कायमचा सोडायचा, पुन्हा आखाड्यात उतरायचं नाही, असं ठरलं होतं. आदल्या वर्षी मान दुखावून बाबा महिनाभर अंथरुणावर होते.

बाबा हरले. घरी येऊन तसेच तेलामातीने माखलेले पडवीत बसून राहिले. सकाळी आई नारळ घेऊन देवीच्या देवळात निघाली.

"नारळ कसला गो?"

"नवसाचा."

"पण मी तर हरलो!"

"म्हणून तर फेडायला निघालेय."

परत आल्यावर तिने प्रसादाचं खोबरं त्यांच्या हातावर ठेवलं. बाबांनी मूठ मिटली, पण ते खाल्लं नाही.

तेव्हा मला आईचा राग आला होता. आज नारळ मीही आणून ठेवलाय. देवीकडे काय मागायचं, तेच ठरत नाहीय.