अण्णांची मुकुटवाली गाय

‘आमच्या वरच्या गावात...’ असं अण्णांनी सुरू केलं, की जे. पी. नगरातल्या आमच्या गल्लीतली माणसं हळूच चपला शोधायला लागत. अण्णा माझे घरमालक, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचे मराठी. तरुणपणी घड्याळाचं काम शिकायला आल्प्सच्या पठारावरच्या एका चिमुकल्या गावात वर्षभर राहून आलेले. मी त्र्याण्णवच्या सुमारास पुण्याहून नोकरीसाठी आलो, म्हणजे आयताच श्रोता!

‘स्वल्प बस रे, कॉफी घे. उन्हाळाभर गाई डोंगरावर. थंडी लागली की खाली येतात. काय थाट! पुढच्या गाईच्या डोक्यावर हा एवढा फुलांचा मुकुट. मी डोळ्यांनी बघितलाय!’ मुकुट दर वर्षी वीतभर वाढायचा. शेजारच्या सरोजक्का म्हणायच्या, ‘अण्णा, यंदा गाय दारात मावायची नाही हं.’

एका श्रावणात अण्णांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या. वर्षभर सण नाही. अशात पत्र आलं. अण्णा ज्या घरी राहिले होते तिथली मुलगी मार्था, आता साठीची, नेमकी संक्रांतीला येणार होती. गल्ली खूश, अण्णा मात्र पत्र उलटसुलट करत बसले. ‘सगळे मुकुटाचं विचारणार की रे,’ एवढंच म्हणाले.

तिळगूळ नव्हता, दाराला तोरण नव्हतं, तरी गल्ली जमली. सरोजक्कांनी विचारलंच. बाईंच्या इंग्रजीचा दुभाषा मी.

‘मुकुट? त्या वर्षी नव्हता,’ मार्थाबाई म्हणाल्या. ‘आमची एक गाय कड्यावरून पडून मेली होती. अशा वर्षी आम्ही गाई सजवत नाही.’

अण्णांची मान खाली. आता हे मराठीत सांगू कसं?

तेवढ्यात बाई हसायला लागल्या. ‘पण ह्याला काय ठाऊक! गाई बोडक्या आल्या म्हणून ह्याने कागदी फुलांची माळ करून आमच्या म्हाताऱ्या गाईच्या शिंगांना बांधली. गाव अवाक! आजी रागाने सोडवायला गेली, आणि गाईच्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, राहू दे. अजून गावात सांगतात.’

मी एकेक शब्द खणखणीत सांगितला. ‘अहो, हे का नाही सांगितलंत कधी?’ सरोजक्का ओरडल्या.

‘चूक ती माझी. चूक काय सांगायची?’ अण्णा पुटपुटले, पण कान लाल झाले होते.

दुपारी फुलवाली आली. बाईंना आमचं दार ओकंबोकं वाटलं असावं. त्यांनी शेवंतीची चार हात माळ घेतली आणि सरळ चौकटीला बांधली. सरोजक्का ‘अय्यो!’ करत सोडवायला धावल्या.

अण्णांनी माळेकडे पाहिलं, काकूंच्या फोटोकडे पाहिलं. डोळे पुसत हसले.

‘राहू दे,’ म्हणाले, आणि सगळ्यांसाठी कॉफी ठेवायला आत गेले.