मिरवणुकीच्या जीपमधला लाल दिवा

घाटकोपरला आमच्या वसाहतीत चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीची तसबीर जुन्या जीपमधूनच निघते. जीप शेजारच्या काकांची. जन्मभर ड्रायव्हरकी केलेला माणूस. गेल्या वर्षी ती अर्ध्या रस्त्यात बंद पडली आणि पोरांना ढकलत न्यावी लागली. यंदा टेम्पो ठरवू, असं मंडळात बोलणं निघालं. काकांनी नवी बॅटरी बसवली, माळा आणि भोंगे लावून गल्लीत फेऱ्या मारल्या, तर तीही तासाभरात उतरली.

मग ते माझ्याकडे आले. मी इलेक्ट्रिकलचा पदवीधर, घरातला पहिलाच. शाळा गावाकडची. कॉलेजसाठी इथे मामांकडे आलो तेव्हा एका खोलीत आम्ही सात जण होतो. संध्याकाळी मी याच जीपमध्ये बसून अभ्यास करायचो. त्यासाठी काकांनी ताडपत्रीच्या पाइपला एक छोटा बल्ब लावून दिला होता. "तू वाच रे. बॅटरी मी सकाळी चक्कर मारून भरतो," म्हणायचे. आता हीच जीप मला दुरुस्त करता आली नाही, तर त्यांना तोंड कसं दाखवणार?

बॉनेट उघडलं. आत हल्लीच्या गाड्यांसारखा अल्टरनेटर नव्हता, पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारा जुना डायनामो होता. त्याच्या वायरी एका काळ्या डबीत जातात. डबीतला रेग्युलेटर इंजिन जोरात फिरलं की व्होल्टेज आवरून धरतो, नाहीतर बॅटरी उकळेल. शेजारीच कटआऊट. डायनामोचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी पडलं की तो दोघांमधली जोडणी तोडतो, नाहीतर बॅटरीच उलटी डायनामोत रिकामी होईल. जोडणी तुटली की समोर लाल दिवा लागतो. आमच्या गल्लीत तो दिवा विझतच नव्हता. डबी गेलीय, असं मी ठासून सांगितलं. कुर्ल्याहून दुसरी शोधून आणून बसवली. दिवा तसाच.

"चार वर्षं शिकलास," काका म्हणाले, "आणि माझी चांगली डबी काढून ठेवलीस."

दुसऱ्या सकाळी त्यांनाच घेऊन हायवेला गेलो. जीपने वेग धरला आणि दिवा विझला. सिग्नलला थांबलो, पुन्हा लाल. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मंद इंजिनावर जुना डायनामो चार्जच करत नाही, आणि मिरवणुकीत जीप माणसाच्या चालीपेक्षाही हळू जाते. दर दहा पावलांवर कुणीतरी हार घेऊन ती थांबवतं. वर त्याच बॅटरीवर आम्ही माळा आणि भोंगे जोडलेले. बिघाड नव्हताच.

काकांची डबी मी परत बसवली. माळा-भोंग्यांना मागे वेगळी बॅटरी दिली. थांबलात की गाडी न्यूट्रलला टाकून हँड थ्रॉटल थोडा ओढून हातानेच रेस वाढवायची, एवढंच काकांना सांगितलं.

मिरवणुकीत मी जीपला खेटून चालत होतो. नजर सारखी लाल दिव्याकडे. आयाबाया हार घालायला आल्या की काका थ्रॉटल ओढायचे, इंजिन गुरगुरायचं, दिवा विझायचा. शेवटी विहाराच्या दारात पोचलो आणि काकांनी मुद्दाम इंजिन बंद केलं. त्यांनी स्टार्टर दाबला. पहिल्याच दाबात जीप सुरू झाली, आणि मी तिच्या पत्र्याला टेकून नुसता उभा राहिलो. टेम्पोचं नाव मग कुणी काढलं नाही.

परतताना काकांनी मला शेजारी बसवलं आणि वरचा छोटा बल्ब लावला.

"वाचायचंय का काही?"