एझ्राकाकांचं उंच हँडल

शनिवारी एझ्राकाकांची बुलेट जुन्या फुलाफुलांच्या चादरीखाली झाकलेली असायची. चादरीतून हँडलची दोन टोकं अशी वर आलेली असत की आमच्या बिल्डिंगमधली मुलं तिला ‘झोपलेला बैल’ म्हणायची. इतर दिवशी सकाळी तो बैल जागा व्हायचा, दोनदा खोकायचा आणि काकांना घेऊन उरणच्या दिशेने निघायचा. काका उंचीने बेताचे, अंगाने गोल. हँडल मात्र त्यांच्या खांद्यांच्याही वर. समोरून पाहणाऱ्याला वाटे, एक माणूस बारला लोंबकळतोय आणि खालून मोटारसायकल चाललीय.

“आमचे पूर्वज शनवार तेली,” चादरीबद्दल कोणी विचारलं की ते सांगायचे. “शनिवारी काम नाही म्हणजे नाही. घाणा बंद. आता आमच्याकडे घाणा राहिला नाही, म्हणून ही बंद.” काका बेने इस्रायल. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले ज्यू. घरात मराठी, ताटात सोलकढी, आणि शनिवारी सकाळी जुन्या पनवेलातल्या त्यांच्या प्रार्थनामंदिरात चालत जाणं. त्या प्रार्थनामंदिराला ते जुन्या सवयीने ‘मशीद’ म्हणत आणि नवीन माणसाचा गोंधळ उडाला की खूश होत.

आम्ही खांदा कॉलनीत राहायला आलो त्या दिवशी ते खाली पार्किंगमध्ये हँडल पुसत होते. मी इंग्लिश मीडियमच्या सवयीने “हॅलो अंकल” म्हटलं आणि पुढे सटकायला लागले.

“थांब. अंकल म्हणजे कोण? काका, मामा, की आत्याचा नवरा?”

मी जिन्याकडे बघितलं.

“नातं नीट सांग, म्हणजे चहाला बोलावता येईल.”

“काका,” मी कसंबसं म्हटलं.

“मग ये. आणि ते खांदे का मिटून घेतलेस? दुकान बंद असल्यासारखे.”

मी तेव्हा पुस्तकं छातीशी कवटाळून, वाकून चालायची. मुंबईला फिजिओथेरपीच्या कॉलेजात जात होते. दुसऱ्यांच्या पाठीचे मणके बोटांनी मोजायला शिकत होते, पण स्वतःच्या पाठीकडे माझं लक्ष नव्हतं. कोणी माझ्याबद्दल काही बोललेलं मला आवडत नसे. काकांचं ते वाक्य मात्र चहाबरोबर पचलं.

हँडलची कल्पना त्यांना उरणच्या बंदरावर सुचली. तिथल्या एका ऑफिसात ते टायपिस्ट होते. बोटीवरून उतरलेल्या एका परदेशी खलाशाच्या हातातल्या मासिकात त्यांनी तसल्या गाडीचं चित्र पाहिलं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या माणसाकडून पाइप वाकवून घेतला. मग कळलं की क्लचची आणि ब्रेकची केबल तिथपर्यंत पोचत नाही. त्याही लांब करून घेतल्या. हे सगळं होईपर्यंत फ्लोराकाकूंनी त्यांच्याशी अबोला धरला होता, असं काका सांगायचे. काकूंचं म्हणणं वेगळं होतं. “अबोला कसला? बोलायला हे घरी असायला हवेत ना!”

माझे बाबा बँकेत होते आणि स्कूटरवर ताठ बसून जायचे. त्या हँडलचा त्यांना मनापासून राग होता.

“एझ्रा, आज धुणं वाळत घालायचंय. हँडल देतोस का?”

“घाला की, बँकवाले. चिमटे तुमचे.”

“अरे, पण याचा उपयोग काय? एक तरी सांग.”

काका बोटं मोजायला लागायचे. काखेत वारा खेळतो, त्यामुळे मे महिन्यातही शर्ट कोरडा. पिशव्या कितीही अडकवा, गुडघ्याला लागत नाहीत. ट्रकवाल्याला लांबूनच हात दिसतात. मग बाबा स्वतःच्या बोटांवर तोटे मोजायचे. पावसात मनगटावरून आत गेलेलं पाणी थेट काखेत जमतं. बाजारातल्या गल्लीत गाडी वळवताना एक हात पार भाजीवालीच्या टोपलीवर जातो. आणि लांब गेलं की हातांना मुंग्या येतात. काका हे सगळं मान्य करायचे. “सोयीचं आहे असं मी म्हणालोच नाही,” ते म्हणायचे. “दिवसभर टाइपरायटरपुढे माझी मान खाली असते. साहेब आला तरी खाली, गेला तरी खाली. घरी येताना तरी हात वर आणि छाती पुढे. उरण ते पनवेल मी कोणाचाही टायपिस्ट नसतो.”

फ्लोराकाकू मात्र त्या गाडीवर बसत नसत. नवं हँडल लागलं तेव्हापासून त्या रिक्षाने, एसटीने, नाहीतर चालत जायच्या. “मागून बघितलं की वाटतं, यांना पोलिसांनी धरलंय आणि हे शरण आलेत,” त्या म्हणायच्या. “मी कशाला त्या गुन्ह्यात सामील होऊ?”

एका मंगळवारी मी कॉलेजातून आले तर बुलेटवर चादर होती. बुधवारीही होती. गाडीत काहीतरी बिघाड आहे, असं काका सगळ्यांना सांगत होते आणि कंपनीच्या बसने जात होते. मी बोलत नसले तरी बघायची. काका दाराची वरची कडी लावत नव्हते. केस डाव्या हाताने विंचरत होते, त्यामुळे भांग भलतीकडेच पडत होता. शेवटी जिन्यात मी धीर केला.

“काका, उजवा हात वर जात नाही का?”

त्यांनी आधी वरच्या मजल्याकडे बघितलं. “हळू बोल. फ्लोराला वाटतंय गाडी बिघडलीय.”

“मला काय वाटतंय?” वरून आवाज आला. “रोज संध्याकाळी यांचा शर्ट कोण काढून देतं? गाडी बिघडलीय म्हणे!”

खांदा जखडला होता. हे दुखणं हळूहळू येतं आणि त्याहून हळू जातं. काकांकडे मात्र तेवढा वेळ नव्हता. त्यांचा मुलगा इस्रायलमध्ये स्थिरावला होता आणि दिवाळीनंतर हे दोघंही कायमचे तिकडे जाणार होते. जाण्याआधी त्यांना अलिबागजवळच्या खंडाळ्याला जायचं होतं. त्यांचा प्रेषित एलियाहू हन्नबी रथातून स्वर्गात जाताना तिथे टेकला, अशी त्यांच्या लोकांची श्रद्धा. खडकावर चाकांच्या आणि टापांच्या खुणा दाखवतात. मोठ्या कामाआधी तिथे जाऊन मलिदा करायचा, म्हणजे गोड पोहे, खोबरं आणि फळं ठेवून प्रार्थना करायची. काकांचे वडील तिथे बैलगाडीने गेले होते. काका बोलून बसले होते की मी माझ्या गाडीने जाईन आणि फ्लोराला मागे बसवून नेईन.

“रथाच्या खुणेपर्यंत एसटीने जायचं? बरं दिसतं का ते?”

“मग हँडल बदल,” बाबा म्हणाले. “साधं लाव. दुपारपर्यंत काम होईल.”

काका एवढंच म्हणाले, “वडिलांना कोणी सांगितलं नव्हतं, बैल कापा आणि लहान लावा म्हणून.”

माझ्या आयुष्यातला तो पहिला पेशंट. मी त्यांना स्टँडवरच्या गाडीवर बसवलं, हँडलच्या मुठी जमिनीपासून किती वर आहेत ते मापलं आणि तेवढ्याच उंचीवर पार्किंगच्या भिंतीवर लाल खडूने रेघ मारली. मग गाडीच्या सीटइतकं उंच स्टूल भिंतीपाशी आणलं. रोज संध्याकाळी काकांनी त्यावर बसून बोटं भिंतीवरून कोळ्यासारखी वर चालवत न्यायची. जिथे थांबतील तिथे एक पांढरी खूण करायची. लवकरच सगळ्या बिल्डिंगला तो खेळ झाला. भाजी घेऊन येणाऱ्या बायका विचारायच्या, “एझ्राभाऊ, आज कुठवर?” बाबा स्कूटर लावून मुद्दाम थांबायचे. “अरे, कालच्या खाली आहेस! चढ, चढ.” कधी कधी खूण खरंच खाली जायची. त्या दिवशी काका खडू ठेवून सरळ वर निघून जात, आणि मला माझ्या पुस्तकांचा संशय येई.

दिवाळीआधी बोटं लाल रेघेला टेकली. टाळ्या वाजल्या. पण टेकणं वेगळं आणि तिथे हात ठेवून मैलोगणती गाडी चालवणं वेगळं. हे मला सांगणं भाग होतं. मी सांगितलं, खाली बघून.

“वर बघून सांग,” काका म्हणाले. “वाईट बातमी वर बघून सांगितली की निम्मी होते.”

मी वर बघितलं. “हात पोचतोय, पण थकेल. मध्ये मध्ये थांबावं लागेल. पुष्कळदा.”

एझ्राकाकांना सगळं चालत असे, पण रस्त्यात थांबणं चालत नसे. पनवेलहून निघालं की उरण, मध्ये चहा नाही, पान नाही. हा त्यांचा नियम होता. ते डाव्या हाताने हँडल पुसायला लागले. मग काकू शांतपणे म्हणाल्या, “मी बसेन मागे.” काकांनी वळून बघितलं. उजवा हात बरा नाही हेही ते विसरले असावेत, कारण त्यांनी तोच कपाळाला लावला.

रविवारी सकाळी निघालो. पुढे ते दोघं, मागे स्कूटरवर बाबा आणि मी. “पंक्चर झालं तर कोणीतरी हवं,” बाबांनी स्वतःहूनच सांगितलं होतं. काकूंनी नवी साडी नेसली होती. मांडीवर मलिद्याच्या सामानाची पिशवी, एक हात काकांच्या कमरेला. हायवेवरचे ट्रकवाले वळून वळून बघत होते. मागून मला काकांचे दोन्ही हात दिसत होते. कर्नाळ्याच्या वळणाशी उजवा थोडा थरथरायला लागला. लगेच गाडी कडेला लागली.

“काय झालं?” बाबांनी विचारलं.

“पक्षी,” काका झाडांकडे बघत म्हणाले. “अभयारण्य आहे. बघू या की जरा.” उजवा हात त्यांनी मांडीवर ठेवला होता.

“एझ्रा, तुला कावळा आणि कोकीळ यातला फरक कळत नाही.”

मी बाबांना चिमटा काढणार होते, पण काकू आधीच उतरल्या होत्या. डोळ्यांवर हात धरून त्या वर बघत होत्या. “थांबा हो, बँकवाले. तो बघा, निळा.” मी खूप बघितलं. झाडावर काहीही नव्हतं. बाबांनी एकदा काकांच्या मांडीवरच्या हाताकडे बघितलं आणि मग म्हणाले, “हां. दिसला.”

पेण मागे पडलं. तिथून पुढे अभयारण्य नव्हतं, नुसती भातशेतं आणि टपऱ्या. काका ओठ घट्ट मिटून चालवत होते. आता पक्ष्यांचं कारण कसं सांगणार? तेवढ्यात काकूंनीच त्यांच्या पाठीवर बोट टोचलं. “अहो, पक्षी!”

गाडी थांबली. “कुठे?”

“उडाला. पण परत येईल. थांबू या.”

वडखळपर्यंत आणि वडखळच्या पुढेही पक्षी येत राहिले. काही बसलेले, काही नुकतेच उडालेले. प्रत्येक वेळी काकूंनाच आधी दिसले. काकांना कुठेही थकल्याचं सांगावं लागलं नाही.

खडकाजवळ अलिबागचे त्यांचे नातेवाईक वाट बघत होते. प्रार्थना मला कळली नाही, चाल मात्र कीर्तनासारखी ओळखीची वाटली. नंतर केळीच्या पानावर गोड पोहे आले. काकांनी मला खडकावरच्या खुणा दाखवल्या. “ही चाकं. ह्या टापा. घोडे म्हणे आगीचे होते. लगाम धरायला हात केवढे वर करावे लागले असतील, बघ.” मग बाबांकडे वळून म्हणाले, “त्यालाही कोणी तरी उपयोग विचारला असेल.” बाबांचं तोंड पोह्यांनी भरलं होतं. त्यांनी मान हलवली आणि आणखी वाढा म्हणून पान पुढे केलं.

दिवाळीनंतर ते गेले. बुलेट उरणच्या एकाने घेतली आणि पहिल्याच आठवड्यात तिला साधं हँडल लावलं. उंच हँडल काका मला देऊन गेले, त्याच फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळून.

“तुझ्या दवाखान्यात लाव.”

“माझा दवाखाना कुठे आहे, काका?”

“हँडल आलं ना. आता दवाखाना येईल.”

तो आला. खांदा कॉलनीतच, दोन छोट्या खोल्यांचा. हँडल आतल्या भिंतीला पक्कं बसवलं आहे, जखडलेल्या खांद्यांसाठी. नवे पेशंट आधी हसतात, मग धरतात. काका कधीमधी फोन करतात तेव्हा विचारतात, “किती खांद्यांची दुकानं उघडली?” मी ताठ बसून उत्तर देते. फोनवर त्यांना दिसत नाही, तरी बसते.

परवा शाळेतल्या एक बाई आल्या होत्या. माझ्यासारख्याच कमी बोलणाऱ्या. हँडल धरून उभ्या राहिल्या. हात थरथरायला लागला, डोळ्यांत पाणी आलं, पण दुखतंय असं काही म्हणेनात. मी खिडकीपाशी गेले.

“बाई, हात खाली ठेवा जरा. पक्षी आलाय.”

त्या हात सोडून खिडकीशी आल्या. बाहेर रिक्षा स्टँड, त्यावर विजेच्या तारा, बाकी काही नाही.

“कुठे?”

“उडाला,” मी म्हटलं. “थांबू या. येईल परत.”