यात वेगळं काय आहे?

"यात वेगळं काय आहे, ते दाखव मला."

स्क्रीनवर बोट टेकवून मॅडम हे विचारायच्या आणि बोटाचा ठसा काचेवर तसाच राहायचा. आमच्या ठाण्याच्या ऑफिसात कुणाच्या काचेवर किती ठसे आहेत, त्यावरून त्याचा कोड कसा असेल हे ओळखता यायचं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. तेच ते लिहिलेलं मॅडमना मुळीच खपायचं नाही. स्वतः मात्र वर्तकनगरच्या आपल्या कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीची आणि सेक्रेटरीच्या भांडणाची तीच गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायच्या. त्यांना त्यांचाच प्रश्न विचारायची आमची छाती नव्हती. खरं तर आम्हाला ती गोष्ट ऐकायला आवडायची.

आम्ही वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. पुस्तकांची मराठी नावं वर्णानुक्रमाने लावणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा तेवढा तुकडा, मॅडमनी नोकरीच्या सुरुवातीला लिहिलं होतं. त्यांचं बाकीचं काम हळूहळू बदललं गेलं, तेवढं एक उरलं होतं. "आमचं म्हातारं अजून पळतंय हं," असं त्या भलत्याच अभिमानाने सांगायच्या.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी निखिलने तेच काम करणारं नवं फंक्शन लिहिलं. निखिल म्हणजे दिव्याहून येणारा आमचा तरुण सहकारी. दोन्हींपैकी जलद असेल ते ठेवायचं, दुसरं काढायचं, असं साहेबांनी ठरवलं. निखिलने पायथन या संगणकाच्या भाषेत चाचणी लिहिली. घड्याळ सुरू, मॅडमचं फंक्शन चालव, घड्याळ बंद, नाव आणि वेळ छाप. मग त्याच ओळी खाली चिकटवून नाव बदललं आणि आपल्या फंक्शनची वेळ घेतली. मॅडमचं किंचित पुढे निघालं.

"मग जुनंच राहू दे," साहेब म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. निखिलचा चेहरा पडला.

मॅडम उठून त्याच्या टेबलाशी गेल्या. बोट काचेवर टेकलं.

"हे वरचं आणि हे खालचं. यात वेगळं काय आहे?"

"नाव चेंज केलेलं ना मॅडम. खाली माझं फंक्शन आहे."

"छापताना तुझं आहे. चालवताना कुणाचं आहे?"

निखिलने त्या ओळी पुन्हा वाचल्या. चिकटवलेल्या ओळींत एका ठिकाणी नाव बदलायचं राहून गेलं होतं. दोन्ही वेळा मॅडमचंच फंक्शन धावलं होतं. त्या गप्प राहिल्या असत्या, तर आमच्यापैकी कुणालाही पत्ता लागला नसता.

"सरक जरा." त्यांनी त्या सगळ्या ओळी पुसल्या. दोन्ही फंक्शनची नावं एका यादीत घातली आणि वेळ मोजणाऱ्या ओळी एकदाच लिहिल्या, यादीतल्या प्रत्येकाला लागू होतील अशा. "उद्या तिसरं आलं तर यादीत नुसतं नाव घालायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही."

चालवलं. निखिलचं फंक्शन निम्म्याहून कमी वेळात संपलं.

मॅडमनी दोन्ही वेळा पुन्हा एकदा वाचल्या. मग म्हणाल्या, "छान लिहिलंयस रे." निखिल म्हणाला, जुनं नंतर काढू, घाई नाही. "नको, माझं मी काढते," म्हणत त्यांनी आपलं फंक्शन स्वतःच पुसून टाकलं. मला ते बघवलं नाही.

मॅडम आता या जगात नाहीत. निखिल आमच्या टीमचा प्रमुख झाला आहे. परवा एका नव्या मुलीने नावं लावण्याचं आणखी नवं फंक्शन आणलं. निखिलने ते यादीत घालून चालवलं. त्याचं स्वतःचं मागे पडलं.

मुलगी ओशाळली. "सर, काहीतरी चुकलं असेल. परत चेक करू या ना."

"नको गं. हे मोजणारं मॅडमनी लिहिलंय. माझं मी काढतो," निखिल म्हणाला, आणि कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला.